कांदा हजार रुपये किलो, हे गणितानं 'सिद्ध' करून दाखवता येतं. हास्केल करी नावाच्या माणसाची गोष्ट

कसमादे, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा. या पट्ट्यातल्या पोरांना शाळेत पाढे येवोत न येवोत, एक गणित मात्र पाठ असतं. देवळ्याच्या मार्केटमध्ये ट्रॅक्टर रांगेला लागतो. लिलावात क्विंटलचा भाव पुकारला जातो. मग ट्रॅक्टर काट्यावर जातो, वजन होतं आणि शेवटी हिशोबपट्टी हातात पडते. भाव गुणिले वजन, वजा खर्च, उरली ती रक्कम. विषय संपला.

आता समजा, हा हिशोब करणारा एक प्रोग्रॅम आहे आणि तो लिहिणाऱ्यानं वजनाच्या जागी चुकून गाडीचा नंबर टाकला. दोन्ही शेवटी आकडेच. संगणक बिचारा गुणाकार करून मोकळा होणार आणि कुणाच्या तरी पट्टीवर भलतीच रक्कम छापून येणार.

ही चूक प्रोग्रॅम चालायच्या आधीच पकडता येते. त्यासाठी संगणकाला सांगून ठेवायचं की वजन हा एक प्रकार आणि गाडी नंबर हा वेगळा प्रकार, एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये या प्रकाराला टाइप म्हणतात आणि ते तपासणाऱ्या पहारेकऱ्याला टाइपचेकर. आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा जो कंपायलर असतो, त्याच्या आत हा पहारेकरी बसलेला असतो.

या पहारेकऱ्यामागचा विचार ज्यांच्यापर्यंत मागे जातो, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे हास्केल ब्रूक्स करी. आडनाव करी असलं तरी खाण्याच्या करीशी यांचा काही संबंध नाही. पण त्या करीमुळंही यांच्या आयुष्यात, म्हणजे खरं तर आयुष्यानंतर, एक किस्सा घडला. तो शेवटी सांगतो.

बोलायला शिकवणाऱ्या घरातला मुलगा

१२ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, मिलिस नावाच्या गावी हास्केलचा जन्म झाला. आईवडील दोघंही बोस्टनमध्ये स्कूल ऑफ एक्स्प्रेशन ही संस्था चालवायचे. लोकांना नीट बोलायला, वाचायला, भाषण करायला शिकवणं हा त्या घराचा व्यवसाय. त्या घरातला मुलगा पुढं आयुष्यभर चिन्हांचं व्याकरण शोधत बसला, हा योगायोग मजेशीर आहे.

१९१६ मध्ये तो हार्वर्डला गेला तो डॉक्टर व्हायला. पण गणितात जीव अडकला आणि १९२० मध्ये त्याच विषयात पदवी घेतली. मग एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून पाहिलं, तिथून भौतिकशास्त्रात आला, त्यात १९२४ मध्ये एमए केलं आणि परत गणिताकडं वळला. आपल्याकडं असतं तर घरच्यांनी एव्हाना विचारलं असतं, बाबा रे, तुझं नक्की ठरलंय काय?

ठरलं होतं. फक्त ते एका छोट्या शंकेच्या रूपात होतं.

१९२२ च्या सुमारास त्यानं व्हाइटहेड आणि रसेल यांचा प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका हा जाडजूड ग्रंथ उघडला. सगळं गणित तर्काच्या मोजक्या नियमांवर उभं करायचा तो प्रयत्न होता. पहिल्याच प्रकरणात करी यांच्या लक्षात आलं की बाकीचे नियम साधे आहेत, पण एक नियम भलताच गुंतागुंतीचा आहे. तो म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरं काही ठेवण्याचा नियम. आपण शाळेत क्ष च्या जागी ५ ठेवतो, तोच. आपल्याला तो सोपा वाटतो, पण तो नेमका लिहायला गेलं की त्यातल्या अटी संपता संपत नाहीत.

करी यांनी ठरवलं, हा नियम फोडायचा. त्याचे इतके छोटे तुकडे करायचे, की प्रत्येक तुकडा डोळे झाकून वापरता यावा.

आणि कुणीतरी आधीच ते करून ठेवलं होतं

१९२७ मध्ये करी प्रिन्स्टनला शिकवत होते. तिथं त्यांच्या हाती एक निबंध लागला. मोझेस शोनफिंकेल नावाच्या गणितीनं जर्मनीत गॉटिंगेनला १९२० मध्ये एक व्याख्यान दिलं होतं आणि ते १९२४ मध्ये छापून आलं होतं. करी जे करायला निघाले होते, त्याचा पाया त्यात होता.

संशोधन करणाऱ्या माणसासाठी हा क्षण वाईट असतो. पण करी यांनी तो निबंध बाजूला सारला नाही. उलट १९२८ मध्ये लग्न झाल्यावर पत्नी व्हर्जिनिया यांना घेऊन ते थेट गॉटिंगेनला गेले. शोनफिंकेल तोवर मॉस्कोला निघून गेले होते. पण डेव्हिड हिल्बर्ट आणि पॉल बर्नेज तिथं होते. हिल्बर्ट म्हणजे त्या काळातलं गणितातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्या हाताखाली करी यांनी प्रबंध पूर्ण केला आणि १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात नोकरीला लागले. ती त्यांनी १९६६ मध्ये निवृत्त होईपर्यंत केली.

या विषयाचं नाव काँबिनेटरी लॉजिक. त्यातली एक कल्पना देवळ्याच्या मार्केटमध्ये रोज घडते. रक्कम काढायला भाव आणि वजन या दोन गोष्टी लागतात. पण त्या एकदम लागत नाहीत. लिलावात आधी भाव ठरतो. त्या क्षणी तुमच्या हातात एक अर्धवट हिशोब असतो, जो फक्त वजनाची वाट बघतोय. काट्यावर वजन मिळालं की रक्कम तयार. म्हणजे दोन गोष्टी घेणारं एक काम, एकेक गोष्ट घेणाऱ्या दोन कामांत मोडता येतं. जगभरचे प्रोग्रॅमर याला करिंग म्हणतात, करी यांच्या नावावरून. खरं तर ही युक्ती शोनफिंकेल यांच्या निबंधात आधीच होती आणि करी यांनी त्याचं श्रेय त्यांनाच दिलं होतं. पण नाव चिकटलं ते करी यांचं.

मोकळीक दिली आणि घोळ झाला

करी यांच्या पद्धतीत भरपूर मोकळीक होती. कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीला लावा, अगदी स्वतःला स्वतःलाच लावा, चालतं. पण १९३५ मध्ये स्टीफन क्लीनी आणि बार्कली रॉसर या दोघांनी दाखवून दिलं की करी आणि अलॉन्झो चर्च यांच्या या मोकळ्या पद्धतींमध्ये विसंगती निघते. म्हणजे त्यात काहीही सिद्ध करता येतं. आणि ज्यात काहीही सिद्ध होतं, ते तर्कशास्त्र कुचकामी.

करी यांनी हा घाव लपवला नाही. उलट तो इतका सोपा करून मांडला की १९४२ पासून तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. करीचा विरोधाभास. आपल्या भाषेत तो असा सांगता येईल. हे वाक्य वाचा.

हे वाक्य खरं असेल, तर उद्या देवळ्यात कांदा हजार रुपये किलोनं जाईल.

आता जरा सावकाश. क्षणभर धरून चला की हे वाक्य खरं आहे. मग ते काय सांगतं? ते खरं असेल तर कांदा हजारावर जाईल. आपण ते खरं धरलंच आहे, म्हणजे कांदा हजारावर गेला. थांबा, इथं आपण नेमकं काय दाखवलं? वाक्य खरं धरलं, तर कांदा हजारावर जातो, एवढं दाखवलं. पण हेच तर त्या वाक्याचं म्हणणं होतं! म्हणजे वाक्य खरं ठरलं, आता काही धरून चालायचीही गरज उरली नाही. आणि वाक्य खरं, म्हणजे उद्या कांदा हजार रुपये किलो.

शेतकऱ्यांना हा निकाल आवडेल, पण असा भाव कुणी देणार नाही. कांद्याच्या जागी काहीही टाका, तेही असंच सिद्ध होतं. सगळी भानगड कुठं आहे? वाक्य स्वतःबद्दलच बोलतंय तिथं.

यावरचा एक उपाय म्हणजे टाइप. प्रत्येक गोष्टीला प्रकार द्यायचा आणि कोणत्या प्रकाराला काय लावता येईल ते आधीच ठरवायचं. प्रकारांची कल्पना रसेल यांनी आधी मांडली होती. करी यांनी १९३४ मध्येच आपल्या तुकड्यांना प्रकार कसे द्यायचे याची मांडणी केली होती. यात एखादी गोष्ट स्वतःलाच लावायची म्हटली, तर तिचा प्रकार लिहायला बसल्यावर तो संपतच नाही. प्रकाराच्या आत तोच प्रकार, त्याच्या आत पुन्हा तोच. पहारेकरी तिथंच दार लावतो. आजही हास्केल भाषेच्या कंपायलरला असं काही दिलं, तर असा अनंत प्रकार बनवता येत नाही, असं सांगून तो प्रोग्रॅम परत पाठवतो.

हे काम करता करता करी यांना आणखी एक गोष्ट दिसली. त्यांच्या एका तुकड्याचं काम म्हणजे दोन गोष्टी घेऊन पहिली परत देणं. त्याचा प्रकार लिहिला, अ दे, मग ब दे, मी अ परत देतो. आणि तर्कशास्त्रातला एक जुना नियम आहे, अ खरं असेल, तर ब खरं मानलं तरी अ खरंच. दोन्हींचा साचा हुबेहूब एकच. पुढं विल्यम हॉवर्ड यांनी हे नातं पूर्ण उलगडलं. ते टिपण १९६९ पासून हातोहात फिरत होतं आणि छापून आलं १९८० मध्ये, करी यांच्या ऐंशीनिमित्त निघालेल्या ग्रंथात. सिद्धता आणि प्रोग्रॅम या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असा त्याचा अर्थ.

युद्ध, एनियाक आणि दुर्लक्षित कागद

दुसऱ्या महायुद्धात करी यांनी तर्कशास्त्र बाजूला ठेवून लष्करासाठी गणितं केली. त्यात १९४५-४६ मध्ये त्यांचा एनियाकशी संबंध आला. खोलीभर पसरलेला तो पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक. विला वायट यांच्यासोबत त्यांनी एनियाकवर एक गणित कसं बसवायचं याचा १९४६ मध्ये अहवाल लिहिला. तारा जोडून, खटके फिरवून प्रोग्रॅम बसवायचा तो जमाना.

तिथं करी यांना जुनीच शंका पुन्हा सुचली. मोठा प्रोग्रॅम एका दमात लिहिण्यापेक्षा छोट्या तुकड्यांतून नियमानं का जोडू नये? १९४९-५० मध्ये त्यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेसाठी यावर टिपणं लिहिली. गणितातलं सूत्र घेऊन त्यातून मशीनच्या आज्ञा कशा बनवायच्या, हे त्यात कागदावर मांडलं होतं. पुढं डोनाल्ड नूथ आणि लुईस ट्राब पार्डो यांनी संगणक भाषांचा इतिहास लिहिताना दाखवलं की कंपायलरच्या या टप्प्याचं पहिलं वर्णन तिथं सापडतं. पण त्या वेळी त्या टिपणांकडं फारसं कुणी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर १९६६ ते १९७० ते ॲमस्टरडॅमला शिकवायला होते. १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या रॉजर हिंडली यांनी वेगवेगळं दाखवून दिलं की प्रकार लिहून दिला नसला, तरी अशा पद्धतीत तो शोधून काढता येतो, तोही सगळ्यात व्यापक. १९७८ मध्ये रॉबिन मिलनर यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि एमएल या प्रोग्रॅमिंग भाषेत आणली. म्हणजे आता प्रोग्रॅमरनं प्रत्येक ठिकाणी हे वजन, हा भाव असं लिहायची गरज उरली नाही. पहारेकरी वापरावरून ओळखू लागला.

१ सप्टेंबर १९८२ रोजी करी गेले. ८२ वा वाढदिवस ११ दिवसांवर होता.

मेल्यानंतर मिळालेलं नाव

१९८७ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला काही संशोधक जमले. फंक्शनल म्हणतात त्या जातीच्या भाषा तेव्हा डझनावारी झाल्या होत्या आणि सगळ्यांना मिळून एकच भाषा हवी होती. फंक्शनल भाषा म्हणजे जिथं प्रोग्रॅम हा आज्ञांच्या यादीऐवजी छोट्या छोट्या सूत्रांच्या जोडणीतून बनतो. करी यांचीच वाट.

जानेवारी १९८८ मध्ये येल विद्यापीठात नाव ठरायची वेळ आली. आधी करी हे नाव पुढं होतं. पण रात्र उलटल्यावर सगळ्यांना वाटलं, लोक मसाल्यावरून विनोद करतील. म्हणून पहिलं नाव घेतलं, हास्केल. परवानगी विचारायला पॉल ह्युडाक हे व्हर्जिनिया करी यांना भेटले. त्यांनी आनंदानं होकार दिला, ह्युडाक यांच्या व्याख्यानालाही आल्या. आणि निघता निघता सांगून गेल्या, की हास्केलना आपलं हास्केल हे नाव कधी फारसं आवडलंच नव्हतं.

१९९० मध्ये भाषेची पहिली अधिकृत मांडणी आली. मजा म्हणजे पुढं ब्रूक आणि करी या नावांच्याही भाषा निघाल्या. नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्हींच्या भाषा असलेला माणूस सापडणं अवघड.

तुमच्या फेसबुकवरचा स्पॅम आणि करी

आता म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? तर फेसबुकवर खोट्या लिंका आणि स्पॅम अडवणारी सिग्मा नावाची यंत्रणा आहे. २०१५ मध्ये फेसबुकनं सांगितलं की तिचे नियम आता हास्केलमध्ये लिहिले जातात आणि ती सेकंदाला १० लाखांहून जास्त विनंत्या तपासते.

तिथं एक अडचण होती. हास्केलमध्ये १९९६ पासून डू नावाची एक सोपी रचना आहे. एकाखाली एक पायऱ्या लिहायच्या. आत त्याचं रूपांतर साध्या सूत्रांमध्ये होतं. पण या रचनेत पायऱ्या एकामागून एक अशाच चालतात. आपल्या मार्केटमध्ये बघा, ट्रॅक्टरचं वजन करायचंय आणि ऑफिसात व्यापाऱ्याचं खातं तपासायचंय. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन माणसं एकाच वेळी करू शकतात. पट्टी मात्र दोन्ही झाल्यावरच बनते. स्पॅमच्या नियमांतही तसंच, वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकदम मागवली तर वेळ वाचतो.

म्हणून सायमन मार्लो यांनी हास्केलच्या जीएचसी या कंपायलरमध्ये याच डू रचनेचा विस्तार केला, तो २०१६ च्या आवृत्तीत आला. लिहिणाऱ्यानं नेहमीसारख्याच पायऱ्या लिहायच्या. कोणती पायरी कोणावर अवलंबून आहे हे कंपायलर नावांवरून शोधतो, मोकळ्या पायऱ्यांचे गट पाडतो, मग टाइपचेकर त्या गटांची तपासणी करतो आणि शेवटी साध्या सूत्रांत रूपांतर होतं.

भाषेत नवी रचना आणायची म्हणजे खरं काम हे इथं असतं. चिन्ह ओळखायला शिकवणं सोपं. पण त्या चिन्हाचा प्रकार काय, हे पहारेकऱ्याला सांगावं लागतं. साधी जर-तर ची रचना घ्या. तिचा नियम असा की अट हो किंवा नाही अशीच हवी आणि दोन्ही फांद्यांचा प्रकार एकच हवा. कांदा कोरडा असेल तर भाव १२००, नाहीतर नंतर बघू, असं लिहिलं तर एका फांदीवर आकडा आणि दुसरीवर शब्द. पहारेकरी अडवणार.

दुसरा प्रश्न, तपासायचं कधी? रूपांतर झाल्यावर तपासलं तर काम सोपं होतं, कारण तेव्हा भाषा छोटी झालेली असते. पण मग चूक सापडली की कंपायलर अशा गोष्टीबद्दल तक्रार करतो, जी तुम्ही लिहिलेलीच नाही. पट्टीत चूक आहे म्हणून शेतकरी विचारायला गेला आणि कारकुनानं त्याला ऑफिसातल्या वहीची सांकेतिक अक्षरं वाचून दाखवली, तसं. त्याला त्याच्या हातातल्या पावतीवर बोट ठेवून दाखवायला हवं. म्हणून जीएचसीमध्ये मुख्य पद्धत अशी की माणसानं लिहिलेलंच आधी तपासायचं, रूपांतर नंतर. अलीकडे काही रचनांचं रूपांतर आधी होतं, पण तिथंही मूळ लिहिलेलं जपून ठेवतात, म्हणजे चूक त्याच शब्दांत सांगता येते.

पहारेकऱ्याच्या मर्यादाही आहेत. भाव १२०० ऐवजी ११०० टाकला, तर तो काही बोलणार नाही, कारण प्रकार बरोबर आहे. कधीच न थांबणारा प्रोग्रॅमही त्याच्या नजरेतून सुटू शकतो. पण वजनाच्या जागी गाडी नंबर गेला, तर ट्रॅक्टर मार्केटच्या गेटवर यायच्या आधीच तो सांगतो.

करी यांनी यातलं बरंचसं पाहिलं नाही. हास्केल नावाची भाषा नाही, फेसबुक नाही, देवळ्याचं मार्केट तर नाहीच. त्यांनी एका जाड पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला एक नियम नीट कळत नाही, एवढं प्रामाणिकपणे मान्य केलं. आणि आपलीच पद्धत चुकली तेव्हा ती चूक सगळ्यांना समजेल इतकी सोपी करून दाखवली. पुढच्या वेळी कंपायलरनं तुमचा प्रोग्रॅम परत पाठवला, तर त्याच्यावर चिडू नका. तो फक्त कांदा हजार रुपयांनी जाऊ देत नाहीये.